मला हर्पिस आहे आणि मी आत्या आहे

मला हर्पिस आहे. ओठावरचा नाही, खालचा.

घ्या, लिहून टाकलं. एवढं एक वाक्य लिहायला मला दीड वर्ष लागलं, आणि लिहून झाल्यावर काय केलं तर उठून चहा टाकला. काहीही झालेलं नाही. पंखा फिरतोय, खाली भाजीवाला ओरडतोय आणि आई खिडकीतून त्याच्याशी मेथीच्या जुडीवरून भांडतेय.

माझं नाव सुजाता, घरात सुजा. वय बत्तीस. राहायला मोहने, नोकरी कल्याणला, फ्लेक्सच्या दुकानात डिझायनर. चौकाचौकांत वाढदिवसाचे बॅनर बघता ना, गॉगल घातलेले दादा आणि खाली पन्नास शुभेच्छुकांचे गोल गोल फोटो? त्यातले बरेचसे म्हणजे माझंच पाप. दिवसभर मी लोकांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं पुसते आणि सगळ्यांना गोरं करते. तोंड माझं सतत चालू असतं. अशी बाई आठ महिने घरात गप्प बसली, तेव्हा घरच्यांना काय वाटलं असेल, विचार करा.

हे लिहितेय ते जी कोणी आत्ता बाथरूमची कडी लावून फोनवर या आजाराचे फोटो बघत बसली असेल तिच्यासाठी. बाई, आधी तो फोन बंद कर.

उन्हाळी

एप्रिलमध्ये सुरू झालं. कणकण, अंग मोडून आलेलं, आणि लघवीला बसलं की जीव जाईल अशी आग. आईचं निदान अर्ध्या मिनिटात तयार. "उन्हाळी लागलीय तुला. त्या मशीनच्या गरमीत बसतेस, पाणी पीत नाहीस, दुसरं काय होणार?"

मग उपचार सुरू. सब्जा, धण्या-जिऱ्याचं पाणी, ताक, नारळपाणी. तळपायाला खोबरेल तेल. आई एवढं प्रेमाने पाजत होती आणि जेवढं ती पाजत होती तेवढ्या वेळा मला जावं लागत होतं. दर वेळी मी नळ मोठा सोडून रडत होते. बाहेरून आई विचारायची, "उतरली का गं उन्हाळी?" मी आतून, "हो, बरं वाटतंय." पुढचा ग्लास तयार असायचा.

चौथ्या दिवशी आरसा घेऊन बघितलं. फोड होते. ही उन्हाळी नाही, एवढं मलाही कळलं.

निदान

कल्याणला एक लेडी डॉक्टर सापडल्या. पन्नाशीच्या, केस बारीक कापलेले. त्यांनी विचारलं, "लग्न झालंय?"

"नाही."

"संबंध?"

"होता. आता नाही."

"बरं," त्या बोलल्या आणि पुढे लिहायला लागल्या. कपाळावर एक आठी नाही. त्या 'बरं'साठी मी त्यांची आयुष्यभर ऋणी आहे. मी घरून दहा खोटी उत्तरं पाठ करून गेलेले, एकही लागलं नाही.

एक मुलगा होता, दोन वर्षं. लग्नाचं बोलणं घरापर्यंत आलेलं, मग मोडलं. यापेक्षा जास्त त्याच्याबद्दल इथे सांगण्यासारखं नाही.

डॉक्टर दहा मिनिटं तरी बोलल्या असतील. मी तीनच गोष्टी ऐकल्या. हर्पिस. जन्मभर. स्पर्शाने पसरतो. त्यापुढे त्यांचे ओठ हलत होते, मला ऐकू येत नव्हतं. मी गोळ्यांची चिठ्ठी घेतली, मान हलवली आणि बाहेर येऊन रिक्षाच्या रांगेत फोन काढला. नको काढायला होता. मोहने येईपर्यंत मी नको ते सगळं वाचून टाकलेलं, आणि त्यात एक ओळ अशी होती की अगदी लहान बाळाला हा विषाणू लागला तर जिवावर बेतू शकतं.

घरी वहिनीला तिसरा महिना होता.

माझे कायदे

गोळ्यांनी आठवड्यात आग थांबली. फोड सुकले. डॉक्टरांनी परत बोलावलेलं, मी गेले नाही. लाज वाटली, दुसरं काही नाही. त्याऐवजी मी घरी माझे स्वतःचे कायदे केले.

माझा कप वेगळा, त्याच्या बुडाला नेलपॉलिशचा ठिपका. ताट वेगळं. बादली, टॉवेल, साबण वेगळे. माझ्यानंतर कोणी संडासात जायच्या आत फिनेल. आईच्या मांडीवर डोकं ठेवायचं नाही. सोफ्यावर नाही, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचं. विचारलं की सांगायचं, "स्किनची ॲलर्जी आहे, डॉक्टर बोलले सांभाळा." आईने माझी फिनेलची बाटली संपलेली बघून तीनदा विचारलं, "तू पितेस की काय?"

आणि वहिनी. दादाची बायको, प्रणाली. ती माझ्याच वयाची. लग्न होऊन आली त्या आठवड्यापासून आमची गट्टी. एका प्लेटीत पाणीपुरी खायची, एक पुरी तिची, एक माझी. मी ते बंद केलं. ती वाटी पुढे करायची, मी मागे सरकायचे. सातव्या महिन्यात बाळ जोरात लाथा मारायला लागलं तेव्हा तिने माझा हात धरून पोटावर ठेवायचा प्रयत्न केला, तर मी हात असा ओढून घेतला की तिची बांगडी फुटली. तिने काच गोळा केली आणि आत गेली.

बाळंतपणाला ती माहेरी बदलापूरला गेली. मुलगी झाली. मी बघायला गेले आणि दारातच कानाला फोन लावून "हो सर, हो सर" करत उभी राहिले. पलीकडे कोणी सर नव्हते. बाळाचे पाय तेवढे दिसले, मोजे घातलेले.

बारसं सव्वा महिन्याने आमच्याकडे ठरलं. आता नाव कोण सांगणार बाळाच्या कानात? आत्या. आत्या एकच, मी. आई साडी बघायला लागली, आणि मी काय आजार काढून त्या दिवशी पळ काढायचा ते बघायला लागले.

कप

बारशाच्या आधीचा रविवार, सकाळची वेळ. आई बाजारात. पप्पांनी स्वतः चहा केला आणि हाताला लागला तो कप घेतला. माझा. मी पाहिलं तोवर त्यांनी ओठाला लावलेला. मी किंचाळून हिसकावला, अख्खा चहा त्यांच्या लुंगीवर.

पप्पा रिटायर्ड फिटर. कामगार चळवळीत आयुष्य गेलेलं, पटकन चिडत नाहीत, पण सोडतही नाहीत. त्यांनी लुंगी झटकली, माझ्या हातातून कप घेतला, उलटा केला.

"ही खूण कसली?"

"माझा कप आहे तो."

"म्हणजे काय? घरात तुझा-माझा कप कधीपासून?"

"पप्पा, मला एक आजार आहे. तुम्हाला होऊ नये म्हणून."

"डॉक्टरने सांगितलं वेगळा कप ठेवायला?"

"नाय."

"आईने?"

"नाय."

"मग कोणी सांगितलं?"

"मीच."

पप्पा खाली बसले. त्यांनी मला गावची गोष्ट सांगितली, खेडकडची. मी लहानपणी ऐकलेली, पण त्यांच्या तोंडून पुरी कधीच नाही. चहाच्या दुकानाबाहेर कोनाड्यात आमच्या लोकांसाठी वेगळी कपबशी असायची. आजोबा तिथे उकिडवे बसून चहा प्यायचे, मग कपबशी स्वतः विसळून, उपडी घालून ठेवायचे. पप्पा सहा-सात वर्षांचे, बाजूला उभे राहून बघायचे.

"तो दुसऱ्यांनी ठेवलेला, सुजा," पप्पा बोलले. "हा तर तू स्वतःच ठेवलास काय गं?"

मी रडायला लागले. अशी रडले की शेजारच्या काकू दारात येऊन गेल्या. मग सांगितलं. आजाराचं नाव, आणि तो कशातून होतो तेही. बापाला हे सांगताना काय होतं ते विचारू नका. पप्पा उठले आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर उद्याचा वार बघून आले.

"उद्या हाफ डे टाक," बोलले. "डॉक्टरकडे मी येतो. तुला ऐकू येत नसेल तर मी ऐकतो."

चौदा प्रश्न

पप्पांनी जुन्या कॅलेंडरच्या पानामागे चौदा प्रश्न लिहून आणलेले. मॅनेजमेंटपुढे मागण्या ठेवाव्यात तसे ते एकेक वाचत गेले.

"कप?"

"कपातून पसरत नाही," डॉक्टर बोलल्या.

"ताट? बादली? टॉवेल?"

"नाही."

"संडासची सीट?"

"काका, नाही. हा विषाणू बाहेर फार टिकत नाही. कातडीवरून थेट कातडीवर जातो, जिथे आहे तिथूनच. मग नसांमध्ये झोपून राहतो. कधी तरी जागा होतो, फोड येतात, परत झोपतो."

"फोड नसताना?"

"चांगला प्रश्न. फोड नसतानाही कधी कधी थोडा बाहेर पडतो. म्हणून जोडीदाराला आधी सांगायचं. फोड असताना संबंध नाही, एरवी कंडोम, वारंवार येत असेल तर रोजची गोळी. धोका खूप कमी होतो, शून्य होत नाही."

पप्पांनी 'कंडोम' लिहिलं आणि खाली रेघ मारली. मी फरशीवरचे चौकोन मोजत होते.

"मुलंबाळं?"

"होतील की. फक्त दिवस गेले की तिथल्या डॉक्टरला हे आधी सांगायचं, म्हणजे ते बाळंतपणात काळजी घेतात."

मग पप्पांनी चष्मा काढला. कागदावर हा प्रश्न सगळ्यात शेवटी होता. "आत्याने बाळ घ्यायचं की नाही?"

"हात साबणाने धुवून खुशाल घ्यायचं. तिच्यापासून बाळाला भीती नाही. भीती कोणाची सांगू? ज्याच्या ओठावर फोड आहेत त्याची. त्याने तर बाळाचा पापा घ्यायचाच नाही. खरं म्हणजे एवढ्याशा बाळाचा कोणीच घेऊ नये."

पप्पांचं पेन थांबलं. "ओठावर म्हणजे? मला येतात कधी कधी. ताप मुतला म्हणतो आम्ही."

"तोही हर्पिसच. याचाच भाऊ. लहानपणी कोणी तरी लाडाने पापा घेतला असणार तुमचा."

मी पप्पांकडे बघितलं. पप्पा माझ्याकडे. बदलापूरला आठवड्यातून दोनदा जाऊन नातीच्या गालाचे मुके घेणारा माणूस हाच. त्यांचा चेहरा पांढरा पडला. डॉक्टरांनी लगेच विचारलं, इतक्यात फोड आलेला का? नव्हता. बाळ ठणठणीत आहे? आहे. "मग घाबरू नका. यापुढे मात्र नाही. आणि बाळाला ताप आला, दूध प्यायचं बंद झालं, अंगावर फोड दिसले, तर थांबायचं नाही, लगेच दाखवायचं."

बाहेर येऊन आम्ही वडापावच्या गाडीवर उभे राहिलो. पप्पा अर्धा वडा खाऊन एकदम हसायला लागले. "म्हणजे साठ वर्षं घरात मी हर्पिसवाला, आणि ठिपक्याचा कप तुझा!" मला आठ महिन्यांत पहिल्यांदा पोट दुखेपर्यंत हसू आलं. गाडीवाल्याने आम्हाला चटणी जास्त दिली, वेडे समजून असेल.

मध्येच थोडं

विसरायच्या आत सांगते. हर्पिस परत येतो. मला तेव्हापासून तीनदा आला, पहिल्यासारखा भयंकर नाही. आधी मांडीत मुंग्या येतात, मी लगेच गोळी सुरू करते, चार दिवस सैल कपडे घालते आणि दुकानात सगळ्यांवर खेकसते. त्या जुन्या मुलाला फोन करून सांगितलं, तपासून घे. तो बोलला, मला तर कधी काही झालंच नाही. डॉक्टर म्हणतात, पुष्कळांना कळतही नाही. मग मी त्याच्यावरचा राग अर्धा सोडला. अर्धा ठेवलाय, तो वेगळ्या कारणांसाठी. पुढे कोणी आवडला तर त्याला आधी सांगणार. पळाला तर पळू दे, लवकर पळाला असं समजेन.

वहिनी

बुधवारी वहिनी बाळाला घेऊन आली. गुरुवारी दुपारी बाळ झोपलेलं असताना मी तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. पप्पांना सांगण्यापेक्षा हे कठीण गेलं. डॉक्टर काहीही म्हणोत, बाळ तिचं होतं. ती नको बोलली असती तर मी बारशाला कोपऱ्यात उभी राहिले असते.

ती ऐकत होती. मग बोलली, "आठ महिने मला वाटत होतं, तुला मी नकोशी झालेय. तुझं लग्न मोडलं आणि माझं बाळ येतंय, म्हणून. मी बदलापूरला रडायचे, माहितीये?"

"वहिनी, सॉरी."

"बाळाला खरंच काही होणार नाही?"

"डॉक्टर बोलल्या, नाही."

"तुझ्या डॉक्टर बोलल्या." तिने झोपलेलं बाळ उचललं. "मला जरा विचार करू दे, सुजा." आणि आतल्या खोलीत गेली.

खोटं कशाला बोलू, मला राग आला. मन मोकळं केलं की समोरचा मिठी मारतो, असं मी कुठेतरी धरून चाललेले. शुक्रवारी ती बाळाला इंजेक्शनला घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरला विचारणार हे मला ठाऊक होतं, मीही तेच केलं असतं. परत आली, काही बोलली नाही. शनिवारीही नाही. बाळ रडलं तरी मी उठत नव्हते.

मी काम करत बसले. काम म्हणजे बॅनर. माझ्या पुतणीचा पहिला बॅनर, सहा बाय चार, दुकानात शेटने मशीन वापरू दिलं. बाळाला गॉगल घातला, हात जोडलेले दाखवले, मागे उगवता सूर्य. वर मोठ्या अक्षरांत: 'माझा पापा घेऊ नका. लांबूनच हसा.' खाली: 'आपली नम्र, वय सव्वा महिना. शुभेच्छुक: आत्या.' वहिनीने तो घरी पाहिला आणि तोंडावर पदर धरून आत गेली. हसायला की काय, ते कळलं नाही.

बारसं

रविवारी हॉलमध्ये चाळीसेक माणसं. बुद्धवंदना झाली, मेणबत्त्या लावून झाल्या. बॅनर दारातच. आणि पप्पा? हॉल, मंडप, जेवण करत दोन दिवस उन्हात फिरलेले, त्यामुळे ओठावर हा एवढा फोड घेऊन, मास्क लावून, पाळण्यापासून दहा फुटांवर खुर्ची टाकून बसलेले.

मोठ्या मावशीने विचारलं, "भाऊजी, आजोबा झालात आणि असे लांब का?"

पप्पांनी मास्क खाली केला आणि सभेत बोलतात त्या आवाजात बोलले, "मला हर्पिस आहे!"

ज्या शब्दासाठी मी आठ महिने फिनेल ओतलं तो शब्द पप्पांनी चाळीस माणसांत छाती पुढे काढून सांगितला.

"अगं बाई, हे काय नवीन?" मावशी.

"नवीन नाय, जुनंच. ओठावर ताप मुततो ना, तो. असला की बाळाचा पापा घ्यायचा नाय."

"मग तो मला पण येतो," मावशी बोलली. "मला पण," मागून कोणी तरी. बघता बघता सात-आठ हात वर झाले. जेवण वाढणारा पोऱ्यासुद्धा बोलला, "मला बी येतो." आईने त्याच्या हातातलं श्रीखंड काढून घेतलं, तेव्हा मलाच पुढे होऊन सांगावं लागलं की आई, वाढू दे, श्रीखंडाला काही होत नाही.

मग कोणी तरी ओरडलं, "चला, नाव! आत्या कुठेय, आत्या?"

मी जागची हलले नाही. वहिनी पाळण्याजवळ बाळाला छातीशी घेऊन उभी. हिरवी साडी, कपाळावर घाम. तिने सगळ्या हॉलवर नजर फिरवली आणि माझ्यावर आणून थांबवली.

"सुजा, हात धुतलेस?"

"तीनदा."

"मग ये ना. किती वेळ धरू तुझ्या पुतणीला? हात दुखले माझे."

तिने बाळ माझ्या हातात दिलं. पाच आठवड्यांची ती, दुधाचा वास येणारी, डोळे मिटून घेतलेली. किती गरम होती! मी तिच्या इवल्याशा कानाशी गेले, ओठ न टेकवता, आणि बोलले, "कुर्रर्र... संघमित्रा." एवढ्याशा कानात एवढं मोठं नाव. तिने एक डोळा उघडला.

आणि मी पार विसरलेले. आत्या नाव सांगते तेव्हा मागे उभ्या असलेल्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. का, ते आमच्याकडे कोणालाच माहीत नाही, पण कोणी सोडत नाही. पहिला मावशीचा पडला. मग आईचा. मग शेजारच्या काकूंचा, मग मोजायचं सुटलं. आठ महिने माझ्या अंगाला कोणाचा हात लागला नव्हता, मीच लागू दिला नव्हता. आता सगळ्या मिळून बडवत होत्या आणि मी बाळाला पोटाशी धरून हसत होते, रडत होते, "अगं बास, बास" म्हणत होते आणि मला अजून हवे होते.

शेवटी एक असा सणसणीत बसला की मी वळूनच बघितलं. वहिनी होती.

"हा आठ महिन्यांचा," ती बोलली, आणि अजून एक घातला.